एका पाळण्यापुरती भट्टी

मोजून सांगायचं तर या सगळ्या उलाढालीतून जोतिराम सलगरांना मिळायचं होतं ते एवढंच: एका जुन्या लोखंडी पाळण्याला पोपटी रंग. असा रंग सोलापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात छोट्या डब्यात मिळतो, आणि दुकानदार ओळखीचा निघाला तर ब्रशही वरून. एक दुपार, खाली अंथरायला कालचं वर्तमानपत्र आणि हात पुसायला एक फडकं. एवढ्यात भागलं असतं.

पण सोनमनं लहानपणी हा पाळणा खाल्ला होता.

सगळा नव्हे, कठड्याची वरची पट्टी. दात येत होते तेव्हा तिनं तिथला हिरवा पोपडा मोठ्या आवडीनं कुरतडला आणि मग दोन दिवस सलाइनवर काढले. डॉक्टरांनी विचारलं, "हा रंग आणला कुठून?" रंग जोतिरामांनीच आणला होता. जुन्या बाजारातून, कुणाकडे कशातून उरलेला देव जाणे, पण नव्या डब्यापेक्षा अकरा रुपयांनी स्वस्त. पोरगी बरी झाली, शाळेत गेली, फार्मसी शिकली, मंगळवेढ्याला अभिमन्यूच्या घरी नांदायला गेली. त्या अकरा रुपयांबद्दल घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. आता, जोतिराम हे कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलेले गृहस्थ. त्यांच्या खिडकीतून साधा वायसरसुद्धा घेणाऱ्याच्या सहीशिवाय बाहेर गेला नाही. ज्याला सही येत नव्हती त्याचा अंगठा घेतला, पण घेतला. अशा माणसाच्या मनात एक नोंद अठ्ठावीस वर्षं उघडी पडलेली होती.

सोनम पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली त्याच संध्याकाळी जोतिराम जेवताना म्हणाले, "माळ्यावरचा तो पाळणा जरा खाली काढून..."

वाक्य पुरं झालं नाही. फुलाबाईंनी आमटीच्या पळीसकट हात त्यांच्या तोंडावर ठेवला.

"बाळ हातात येऊस्तवर पाळण्याचं नाव काडायचं न्हाय ह्या घरात. कळलं का?"

कळलं. मिशीला आमटी लागली होती, ती पुसून त्यांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. बाळ येईपर्यंत पाळण्याचं नाव नाही. बाळ आल्यावर बाराव्या दिवशी बारसं. म्हणजे काम बारा दिवसांत, आणि तयारी आधीचे दोन महिने, तीही दुसऱ्याच कुठल्या तरी नावाखाली. दुसऱ्या दिवशी फुलाबाई सोनमला घेऊन दवाखान्यात गेल्या तेव्हा त्यांनी पाळणा माळ्यावरून उतरवला, चादरीत गुंडाळला, गॅरेजात नेऊन ठेवला आणि वर चिठ्ठी डकवली: 'खिडकीचे गज'.

गॅरेजबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. घर बांधताना जोतिरामांनी गॅरेज आवर्जून काढलं. गाडी नंतर घेऊ म्हणाले. ती नंतर राहूनच गेली. गॅरेजात एक स्कूटर, एक लोखंडी कपाट आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी मिळालेला पान्ह्यांचा संच एवढाच संसार होता. संच उघडलेला नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी इतरांना हत्यारं दिली आणि परत मोजून घेतली. स्वतःच्या हातांनी एक बोल्टसुद्धा आवळला नव्हता, आणि वर्कशॉपातले फिटर हे त्यांना चहाच्या वेळी रोज ऐकवायचे.

फोनवर वाचून वाचून त्यांना इतकं उमगलं होतं की दातानं न निघणारा रंग हवा तर पावडर कोटिंग. रंगाची कोरडी पूड विजेच्या जोरावर लोखंडाला चिकटवायची आणि भट्टीत भाजायची. मग रंग असा बसतो की घासून जात नाही. ते चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेले. खिशात कागदाच्या पुडीत पाळण्याचा जुना पोपडा, नमुन्यासाठी. तिथला सुपरवायझर संगमेश तरणाबांड आणि तोंडाळ.

"किती नग हायत, काका?"

"एक."

"एक हजार?"

"एक नग."

संगमेशनं कानामागची पेन्सिल काढली, पाहिली, परत खोवली. "आमच्या भट्टीला एका नगासाठी हाक मारली तर ती व्हय म्हणायची न्हाय, काका. पोपटी रंगाची ऑर्डर आली की त्यात घालू. दिवाळी झाल्यावर बघा. न्हायतर मार्गशीर्षात."

"दातानं निघेल का हा रंग?"

"कुणाच्या दातानं?" नग म्हणजे गेटच असणार असं धरून संगमेशनं विचारलं. "गेट चावणार हाय कोण?"

जोतिराम ताठ झाले. पाळण्याचं नाव काढायचं नव्हतं. "घरीच करायचं झालं तर काय काय लागतं, तेवढं सांगा," ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी केवळ मान राखण्यासाठी विचारला होता. चार बोटं मोडून संगमेशनं सांगितलं, "बंदूक, हवा, अर्थिंग आणि भट्टी." आणि कौतुकानं की कीव येऊन, कोण जाणे, पोपड्याशी जुळणारी दोन किलो पूड त्यानं शिलकीतून बांधून दिली. "पैसं ऱ्हाऊ द्या. जमलं तर फोटो धाडा. न्हाय जमलं तर लई फोटो धाडा."

झालं. जोतिरामांनी दोनशे पानी वही काढली.

बंदूक निवडायला त्यांना एकोणीस दिवस लागले. सात बंदुका, नऊ रकाने. हौशी लोकांची बंदूक हलकी, पण तिचा व्होल्टेज कमी, म्हणून पूड कोपऱ्यात जात नाही. कारखान्याची बंदूक कोपऱ्यात जाते, पण तिच्या मोबदल्यात स्कूटर आली असती. परदेशातले लोक व्हिडिओत मोटारसायकलींची चाकं रंगवून दाखवायचे. त्यांची गॅरेजं सलगरांच्या घरापेक्षा मोठी होती आणि त्यांत कुणाची बायको मधेच येऊन तूरडाळ निवडायला बसत नव्हती. शेवटी पुण्याहून मधल्या दर्जाची बंदूक आली. जोतिरामांनी ती देव्हाऱ्यासमोर ठेवली. फुलाबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "आता हिनं काय मारणार?"

"व्यवसाय करणार आहे," जोतिराम म्हणाले. "छोटा. लोखंडी वस्तूंना कोटिंग."

फुलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. या माणसानं निवृत्तीनंतर गिरणी काढू म्हटलं होतं, मधमाश्या पाळू म्हटलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या. एवढ्या सहज 'बरं' ऐकून एखाद्या हुशार माणसाला शंका आली असती. जोतिराम वहीत रकाना आखत होते.

हवेसाठी कॉम्प्रेसर आला तो शेजारच्या गुरुबसप्पांच्या सल्ल्यानं. गुरुबसप्पांची बाळीवेशीत चाळीस वर्षं बेकरी होती. मुलानं ती बंद करून तिथं मोबाइलची कव्हरं विकायला घेतली, तेव्हापासून गुरुबसप्पा रोज पहाटे चारला उठत आणि करायला काही नाही म्हणून भिंतीवरून शेजाऱ्यांच्या कामांत लक्ष घालत. त्यांना बंदुकीत रस नव्हता. हवेत थोडासा होता. पण 'भट्टी' हा शब्द कानावर पडला आणि भिंतीवर आधी डोकं, मग खांदे, मग अख्खे गुरुबसप्पा आले.

"अय्य, सलगर साहेब! भट्टी विकत घेता? भट्टी विकत घेत नसतात. भट्टी बांधतात, हौदु? होय ना? लांबी किती पाहिजे?"

"तीन फूट."

"काय भाजणार?"

"खिडकीचे गज."

गुरुबसप्पांनी चादरीखालच्या गजांकडे पाहिलं. गजांना एक सुरेख कमान होती आणि चार पितळी घुंगरं. चाळीस वर्षं लग्नाच्या केकवर नावं लिहिलेला माणूस; काय बोलायचं नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "फार छान खिडकी," ते म्हणाले आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. "हे घ्या. ही तुमची भट्टी."

कपाट फुलाबाईंच्या लग्नातलं होतं. आत गोधड्या होत्या. परवानगी मागायला जोतिरामांनी तीन दिवस घेतले. फुलाबाईंनी अर्ध्या मिनिटात दिली. "न्या. आरसा तेवडा काडून द्या, सोनमच्या खोलीत लावू." हेही संशयास्पद होतं.

आत चार हीटर बसले, मागं पंखा, बाहेरून सगळीकडं आच अडवणारं रॉकवूल. त्या रॉकवूलनं जोतिरामांना आठ दिवस अशी खाज सुटली की सोनम म्हणाली, "आप्पा, माझ्यापेक्षा तुमचंच डोहाळजेवण करू या." आणि मग कळलं की चार हीटर एकदम लावले तर घरचं मीटर ते सोसणार नाही. भार वाढवून घ्यावा लागेल. अर्ज करावा लागेल.

इथं जोतिराम हसले. अर्ज हा त्यांचा प्रांत होता. उभ्या हयातीत त्यांनी अर्ज परत पाठवले होते. स्वतःचा परत येईल हे त्यांच्या गावीही नव्हतं. वीज कार्यालयाच्या खिडकीत दाक्षायणी मॅडम होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी अर्ज वरून खाली वाचला आणि एका रकान्यावर पेनाचं टोक ठेवलं.

"वाढीव भाराचं प्रयोजन लिहिलेलं नाही."

"लोखंडी वस्तू भाजणे."

"म्हणजे धंदा. व्यापारी जोडणी लागेल. धंद्याची नोंदणी आणा."

"धंदा नाही. एकच वस्तू आहे."

"एका वस्तूसाठी भार वाढवायचा? मग ती वस्तू काय ते लिहा."

जोतिरामांनी पेनाला टोपण लावलं. मॅडमनी अर्ज परत सरकवला. सरकवताना तर्जनीनं हलका धक्का द्यायची ती जी लकब असते ना, ती जोतिरामांची स्वतःची होती. चौतीस वर्षांत किती फिटर असे खिडकीसमोर उभे राहिले असतील, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. स्कूटर सुरू करायला त्यांना चार किका लागल्या.

दुसऱ्या खेपेला सात-बारासारखा काहीतरी उतारा कमी पडला. तिसऱ्या खेपेला पुन्हा प्रयोजनाचा रकाना. जोतिरामांनी मागं पाहिलं, रांगेत कुणी ओळखीचं नव्हतं. ते खिडकीच्या जाळीत तोंड घालून पुटपुटले, "पाळणा आहे."

दाक्षायणी मॅडमचं पेन थांबलं. "मुलगी?"

"पहिलटकरीण. पण अजून... नाव काढायचं नाही म्हणतात ना."

मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे साहेब शेंगा सोलत होते. त्यांनी त्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: 'घरगुती ओव्हन'. शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाल्या, "आधीच सांगायचं की हो काका. दोन खेपा वाचल्या असत्या."

भट्टी प्रथम पेटली ती अश्विनातल्या एका दुपारी. तिनं सर्वांत आधी कपाटाचा स्वतःचा जुना रंग जाळला. समोरचे उदयसिंह, निवृत्त फौजदार, वाळूच्या दोन बादल्या घेऊन धावत आले आणि आत कुणी जळत नाही हे पाहून जरासे हिरमुसले. दिवसभर गॅरेजाची दारं उघडी ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी आतून घासून-पुसून काढल्यावर धूर संपला, पण प्रश्न उरला की आत उष्णता सगळीकडं सारखी आहे की नाही. एका कोपऱ्यात कमी भाजलं तर तिथला रंग कच्चा राहणार, आणि दात नेमके तिथंच पोचणार.

"त्याला यंत्र नको," गुरुबसप्पा म्हणाले. "नानकटाई पाहिजे."

त्यांनी मैदा, साखर, तूप मळून छत्तीस नानकटाया वळल्या आणि कपाटाच्या चारी कप्प्यांत एका ओळीत मांडल्या. जी करपेल तिथं आच जास्त, जी पांढरी राहील तिथं कमी. जोतिरामांनी वहीत कपाटाचा नकाशा काढला. पंचवीस मिनिटांनी गुरुबसप्पांनी दार उघडलं, वाकून आत पाहिलं, आणि त्यांच्या दोन्ही भिवया एकाच झळीत गेल्या. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते नानकटायांकडं पाहत होते. वरच्या कप्प्याचा डावा कोपरा सोडला तर चौतीस नग बदामी रंगाचे, वर केसासारखी चीर. त्यांनी एक मोडून तोंडात टाकली आणि डोळे मिटून सावकाश चावली.

"आचेचं काय?" जोतिरामांनी विचारलं.

"साकु," गुरुबसप्पा म्हणाले. "बास. उत्तम आहे."

पण तो वास गॅरेजात राहणारा नव्हता. दिवाळीला सहा दिवस उरले होते, बेकऱ्यांपुढं रांगा लागल्या होत्या, आणि कॉलनीतल्या बायकांना कळलं की सलगरांकडं भट्टी पेटलीय आणि भट्टीवर प्रत्यक्ष गुरुबसप्पा उभे आहेत. सकाळी जोतिराम दूध आणायला निघाले तर फाटकाशी बायका उभ्या. हातात मैद्याचे, तुपाचे, साखरेचे डबे. डब्यांवर चिकटपट्टीनं नावं. एका डब्यावर 'दाक्षायणी, वीज कार्यालय'.

"ही खाण्याची भट्टी नाही!" जोतिराम म्हणाले. "हिच्यात मी पावडर भाजणार आहे. एकदा पावडर भाजली की खायचा पदार्थ त्यात घालता येत नाही."

"भाजलीय का अजून?" फुलाबाई मागून म्हणाल्या.

"नाही, पण..."

"मग भाजा की नंतर. आता मान्सं दारात आलीत." आणि त्यांनी नऊ डबे ओळीनं ओट्यावर मांडले.

चार दिवस सलगरांचं गॅरेज बेकरी झालं. जोतिराम, मध्यम दर्जाच्या बंदुकीचे मालक, डब्यांवरची नावं आणि नग वहीत टिपत होते आणि देताना सही घेत होते. सवय. बिनभिवयांचे गुरुबसप्पा पहाटे चारला हजर, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, वयातून वीस वर्षं उणे. चौथ्या दिवशी दुपारी सोनम ओट्यावर बसून गरम नानकटाई खात होती. अर्धी खाल्ली आणि उरलेली अर्धी तिनं जोतिरामांच्या हातात दिली.

"आप्पा, रिक्षा बोलवा."

मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी. नीट भाजलेल्या नानकटाईकडं पाहावं तसं बाळाकडं काचेतून पाहत गुरुबसप्पा म्हणाले, "एक नंबर रंग आलाय." आणि जोतिराम त्या अर्ध्या नानकटाईसकट दवाखान्याच्या जिन्यात बसले. उरले बारा दिवस.

त्याच संध्याकाळी जावयाचा फोन आला. अभिमन्यू गुणी पोरगा, नेमकं चुकीच्या वेळी चांगलं काम करणारा. "आप्पा, तुम्ही पाळण्याची काळजीच करू नका. मी ऑनलाइन मागवलाय. रिमोटवर हलतो. बावीस गाणी हायत आत."

"वा," जोतिराम म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून भट्टीत खाण्याचं बंद झालं आणि पाळण्यावरची चिठ्ठी निघाली. जोतिरामांनी पान्ह्यांचा संच उघडला आणि पाळण्याचे सात तुकडे केले. तोंडाला मास्क, हातात मोजे. जुना रंग रसायन लावून, ओला असतानाच खरवडून, चिमूटभरसुद्धा खाली सांडू न देता त्यांनी डब्यात भरला आणि झाकण ठोकून बंद केला. सहा तुकडे झाले. सातवा म्हणजे कठड्याची वरची पट्टी. तिच्यावर, हिरव्या रंगात, चार इवल्या दातांच्या खुणा होत्या. दोन वर, दोन खाली. त्या एका पट्टीवर त्यांनी अख्खी दुपार घालवली. खरवडून झाल्यावर मास्क काढला नाही. काढायला हवा होता, कारण आत नाक वाहत होतं.

अकराव्या दिवशी पोपटी पूड बंदुकीत भरली. सगळे तुकडे धुऊन, पुसून, तारेनं टांगलेले. "आता लोखंडाला कुणी हात लावायचा नाही," त्यांनी घरभर फर्मावलं. "बोटाचं तेल लागलं तरी रंग तिथं धरत नाही." खटका दाबला. पुडीचा ढग उठला, पाळण्याभोवती फिरला आणि शांतपणे फरशीवर बसला. पाळणा कोरडा ठणठणीत. स्कूटर मात्र पोपटी.

संगमेशला फोन लागला. "अर्थिंग बघा, काका," तो म्हणाला. "पावडरीला कळाय पायजे का न्हाय, कुटं बसायचं ते? खड्ड्यात पाणी ओता."

अर्थिंगचा खड्डा घर बांधल्यापासून कुणी पाहिला नव्हता. तो आसपासच्या जमिनीसारखाच तडकलेला होता. पाणी ओतायचं, पण नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते आणि उद्या बारसं. जोतिराम कोरड्या खड्ड्याकडं पाहत उभे राहिले. तेवढ्यात मागच्या दारानं फुलाबाई आल्या. नातीला तेल लावून न्हाऊ घातलं होतं, त्याचंच पाणी त्यांनी बादलीत साठवून आणलं होतं.

"हे चालतंय का बघा."

चाललं. जोतिराम खाली बसून मीठ टाकत तांब्या तांब्यानं ते पाणी खड्ड्यात मुरवत राहिले. तास गेला. परत आले, क्लिप पाळण्याला लावली, खटका दाबला, आणि पूड अशी धावली की जणू इतके दिवस याच बोलावण्याची वाट पाहत होती. कमान, कठडा, पाय, सगळं मखमली पोपटी झालं. जोतिराम स्वतःशीच हसले. भट्टीत सगळे तुकडे टांगले, दार लावलं, वीस मिनिटं घड्याळ पाहिलं. दार उघडताना भिवया जपल्या.

कठडा आरशासारखा. पाय आरशासारखे. कमान त्यांनी काठीनं फिरवली आणि पाठीमागचा भाग समोर आला.

पाच डाग. एक आडवा, चार उभे. तिथं रंग मागं सरकून लोखंड उघडं पडलं होतं आणि मध्ये हळद भाजून तपकिरी झाली होती. पाच बोटं. मापाला जोतिरामांना पट्टी लागली नाही. ही बोटं त्यांच्या ओळखीची होती.

पुन्हा खरवडायला वेळ नव्हता. त्यांनी कमान थंड होऊ दिली, बाकीच्या तुकड्यांशी जोडली, पाळण्यावर चादर टाकली आणि स्टुलावर बसून राहिले. थोड्या वेळानं फुलाबाई चहा घेऊन आल्या.

"झाला?"

"उद्या अभिमन्यूचाच वापरू." त्यांनी चादर वर केली. "सांगितलं होतं मी, हात लावू नका म्हणून."

फुलाबाई वाकल्या, पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. "अगं बाई. तुमी खड्ड्यावर होता तवा आले हुते. नवी वस्तू, हळदीचा हात न लावता भट्टीत कशी घालू द्यायची? पोरीची टाळू तेलानं भरून तशीच आले बगा."

"तुला माहीत होतं? पाळण्याचं?"

"माळ्यावर पाळण्याजागी नुसती धूळ ऱ्हायली तवापासनं म्हाईत हाय. खिडकीचं गज म्हनं. घुंगराचं गज!"

"मग थांबवलं का नाहीस? बाळ यायच्या आधी..."

"मी नाव काडू नका म्हनले हुते. तुमी कुटं काडलं?" फुलाबाई दुसऱ्या स्टुलावर टेकल्या. त्यांनी पोपटी कठड्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "त्या अकरा रुपयाचं अजून धरून बसलाय व्हय तुमी?"

जोतिरामांनी कप बशीवर ठेवला.

"त्या वक्ताला महिनाअखेर हुती," फुलाबाई म्हणाल्या. "त्याच अकरा रुपयाचं मी सोनमला झबलं आनलं हुतं. इचारलंत कधी?"

जोतिरामांनी कधीच विचारलं नव्हतं. वहीत तसा रकानाच नव्हता.

बारशाला मंगळवेढ्याची माणसं जीप करून आली. मधल्या खोलीत रिमोटचा पाळणा फुगे लावून उभा. चादरीतला पाळणा कोपऱ्यात. बायका जमल्या, वाती लावल्या, आणि गुरुबसप्पा, ज्यांच्या भिवयांच्या जागी दाक्षायणी मॅडमनी आग्रहानं काजळाच्या दोन रेघा काढून दिल्या होत्या, ते सोफ्यावर टेकले. नेमके रिमोटवर.

पाळणा हलू लागला. रिकामा. जोरात. पहिलं गाणं सुरू झालं.

"अगं, रिकामा पाळणा हालतोय!" विहीणबाई किंचाळल्या. सगळ्या बायका एकदम उठल्या. अभिमन्यू बटणं दाबत सुटला. प्रत्येक बटणाला गाणं बदलायचं, पाळणा थांबायचा नाही. उदयसिंहांनी दोन्ही हातांनी तो धरला तर तेच हलू लागले. शेवटी फुलाबाईंनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणून आत घातला, की निदान रिकामा तरी नको, आणि त्या वजनानं आत काहीतरी कट् झालं आणि बाविसाव्या गाण्याच्या मध्यात सारं शांत झालं.

"आता बाळाला घालायचं कशात?" कुणीतरी म्हणालं.

कोपऱ्यात जोतिराम उभे होते. त्यांनी काही केलं नाही. सोनम बाळाला घेऊन उठली, कोपऱ्यात गेली आणि एका हातानं चादर ओढली. पोपटी रंग खोलीभर पडला. तिनं कठड्यावरून हात फिरवला, नखानं खरवडून पाहिलं. मग कमानीमागं गेली आणि थांबली. तिनं आपली पाच बोटं त्या पाच डागांवर ठेवली. जरा लहान पडली.

"आप्पा, हे कुणाचं?"

"घेणाऱ्याची सही," जोतिराम म्हणाले. त्यांनी फुलाबाईंच्या हाताकडं पाहिलं.

बाळ पाळण्यात गेलं. नाव ठेवलं ऋतुजा. घुंगरं वाजली, नानकटाया वाटल्या, आणि संगमेशला एकच फोटो धाडला.

तर शेवटचा हिशेब असा. दोन महिने जोतिरामांचे गेले. भिवया गुरुबसप्पांच्या गेल्या, त्या चैत्रापर्यंत आल्या. बाविसावं गाणं अभिमन्यूचं बुडालं. कपाट फुलाबाईंचं गेलं. आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे जे अकरा रुपये जोतिरामांनी वाचवले होते, त्यांतून फुलाबाईंनी आणलेलं झबलं जुन्या पेटीच्या तळाशी सापडलं, ते बारशादिवशी ऋतुजाच्या अंगात होतं. म्हणजे ती रक्कम कधीच भरली गेली होती, आणि भरणारीनं पावती मागितली नव्हती. आता पावती पाळण्याच्या पाठीमागं आहे, दोनशे डिग्रीत भाजलेली, पाच बोटांची. ती दातानंही निघायची नाही.